कोणी राहिलं आहे का?

कळव्याच्या पुलावर वारा नेहमी समोरून येतो. सकाळी नौपाड्याहून खाणीवर जाताना समोरून आणि संध्याकाळी घरी परतताना पुन्हा समोरून. याला शास्त्रीय कारण आहे. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, संध्याकाळी समुद्राकडून जमिनीकडे, आणि माझी सायकल दोन्ही वेळा त्याच्या उलट दिशेनं चाललेली असते. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हे आईला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग वाऱ्याच्या बाजूची एखादी नोकरी बघ."

पण चोपन्न साली फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाला ठाण्यात नोकऱ्या अंगावर धावून येत नव्हत्या. अण्णांनी बोलावलं, मी गेलो. अण्णा आमच्या गल्लीतले. कळव्यापलीकडे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांची दगडाची खाण होती. मला त्यांनी सुपरवायझर केलं, म्हणजे सावलीत उभं राहून उन्हातल्या लोकांवर लक्ष ठेवायचं. सावली मात्र तिथं कुठेच नव्हती.

काळा पत्थर सुरुंगानं फोडायचा, मोठे तुकडे क्रशरला घालायचे, उरलेले बायका हातोडीनं फोडायच्या. तयार खडीला तीन वाटा होत्या. जाडी खडी रेल्वेच्या साइडिंगवर वाघिणींत भरून जायची. (रेल्वेच्या मालडब्याला वाघीण म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. "आज दोन वाघिणी भरल्या," असं अण्णा पंक्तीत म्हणाले की नवखा माणूस त्यांच्याकडे आदरानं बघायचा.) मधली खडी लॉरीनं ठाण्याच्या रस्त्यांवर जायची आणि उरलेली खाडीतून मचव्यानं थेट मुंबईला. तिथं समुद्रात भर घालायचं काम चाललं होतं. या सगळ्यातून जी भुकटी उडायची ती आमच्या चहात बसायची. खाणीवरचा चहा प्यायचा कमी आणि चावायचा जास्त.

तरी मी ती नोकरी चिकटून धरली होती, आणि तिचं कारण सुमती होती. सुमती आमच्या मागच्या आळीत राहायची, मुलींच्या शाळेत शिकवायची आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर हसायची. माझं तिच्यावर मन होतं, तिचंही माझ्यावर असावं असा माझा अंदाज होता. अडचण तिच्या वडिलांची. "मुलगा चांगला आहे," त्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं, "पण नोकरी हंगामी. मला हंगामी जावई नको." आणि अण्णा म्हणत होते, रेल्वेची मोठी ऑर्डर पुरी करून दे, लगेच कायम करतो. म्हणजे मी, सुमती आणि आमचा सगळा संसार त्या डोंगराच्या पोटात अडकून बसला होता. तो फुटला की आम्ही सुटणार.

सुरुंग दिवसातून दोनदा उडायचे. त्याला बार म्हणत. बार उडवायची एक रीत होती आणि ती गुणाजीच्या हातात होती. गुणाजी आमचा मुकादम, साताऱ्याकडचा, आवाज असा की मुंब्र्याच्या स्टेशनवर माणसं मागे वळून बघत. लाल निशाण घेऊन तो टेकाडावर उभा राहायचा आणि ओरडायचा, "बार हाय होऽऽ! कोन ऱ्हायलंय का रंऽऽ?" डोंगर आत वळलेला होता, त्या वळणापलीकडे कोणी राहिलं तर दिसत नसे. कोणी असेल त्यानं आतून "हाय!" म्हणायचं. कोणी काही बोललं नाही की गुणाजी निशाण खाली करायचा, सुरुंग भरणारा तानाजी वात पेटवून पळत यायचा, आणि मग धडाम.

या रीतीतला दोष माझ्या तेव्हाच लक्षात आला. "हाय" हा काय शब्द झाला? तो निव्वळ सुस्कारा. जरा वारा असला की ऐकूही येणार नाही. त्याउलट "आहे". पहिलाच स्वर "आ", घसा पूर्ण उघडतो, ध्वनी लांब जातो. हे विज्ञान झालं. शिवाय खरं सांगायचं तर, माझ्यासमोर कोणी पाण्याला पानी म्हटलं तरी माझ्या दाताखाली खडा येतो, आणि त्या खाणीत खड्यांना तोटा नव्हता.

तेव्हा एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना जमवलं. गुणाजीनं "कोणी राहिलं आहे का?" असं विचारायचं आणि आत राहिलेल्यानं "आहे, मी आहे," असं स्वच्छ उत्तर द्यायचं, असा नियम केला. "'आहे' ऐकू आलं की काही झालं तरी वात पेटवायची नाही," असं बजावलं. मग शिकवणी सुरू केली. डोंगराकडे तोंड करून मी कितीतरी वेळा म्हणून दाखवलं, "आहे! मी आहे!" डोंगरही म्हणायचा, "हेऽ... हेऽ..."

"आये," सगळे म्हणाले.

"आये नाही. आ-हे."

खडी फोडणारी बायजा भाकरीचा घास घेता घेता म्हणाली, "मास्तर, समोर मरान दिसतंया आन् मान्सानं येवढं सुद्ध बोलायचं?"

मला मास्तर म्हणू नका, असं मी तिला शंभर वेळा सांगितलं होतं. ती दर वेळी "बरं मास्तर" म्हणायची.

कोणाला काही आलं नाही. गुणाजीनं मात्र इमानानं प्रयत्न केला. दुसऱ्या दिवसापासून तो "कोनी ऱ्हायलं आहे का रंऽऽ?" असं ओरडू लागला. त्यातला एक "आहे" तेवढा निर्दोष होता. मी त्यावर समाधान मानलं.

पुढं काही दिवसांनी दुपारच्या बाराची तयारी झाली. भोकं भरून झाली होती, माणसं आडोशाला आली होती, तानाजी वातीपाशी विडी ओढत बसला होता. मी क्रशरच्या मागं शेडजवळ होतो. गुणाजीनं निशाण वर करून विचारलं, "कोनी ऱ्हायलं आहे का रंऽऽ?"

"आहे," वळणापलीकडून कोणीतरी म्हणालं.

आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. त्यात घाबरणं वगैरे काही नव्हतं. न्हाणीघराचं दार कोणी ठोठावलं की आतला माणूस ज्या किंचित त्रासिक सुरात बोलतो, तसा होता.

गुणाजीनं निशाण वरच ठेवलं. तानाजी विडी टाकून पळत आला. चारपाच जण वळणापलीकडे जाऊन बघून आले. कोणी नव्हतं. माणसं मोजली, सगळी बाहेर होती. बायकांना विचारलं, शेळ्या हाकणाऱ्याला विचारलं. गुणाजीनं पुन्हा हाळी दिली.

"आहे. मी आहे."

त्या दिवशी बार झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी विचारावं तर "आहे", दुपारी विचारावं तर "आहे". साइडिंगवर वाघिणी रिकाम्या उभ्या राहिल्या. क्रशर बंद पडल्यामुळे इतकी शांतता झाली की आम्ही दिवसभर एकमेकांशी ओरडून बोलत होतो, आणि त्याची गरज नव्हती हे संध्याकाळी लक्षात आलं.

मी शास्त्रीय खुलासा केला. डोंगराच्या पोकळीत ध्वनी फिरतो, प्रश्नातला "आहे" परत येतो. याला प्रतिध्वनी म्हणतात.

"मग 'मी' कुठनं आला?" बायजानं विचारलं. "गुनाजी कुटं 'मी' म्हनला?"

मी प्रतिध्वनीची व्याख्या पुन्हा सांगितली.

"आन् येवढं सुद्ध," ती हातोडी खाली ठेवत म्हणाली, "या खानीत दुसरं कोन बोलतंय?"

सगळी खाण माझ्याकडे बघू लागली.

मी आधी हसलो, मग चिडलो. दोन्हींचा परिणाम वाईट झाला. तानाजी म्हणाला, आवाज तुमचाच. गुणाजी म्हणाला, सायेब, राग मानू नगा, पन तुमचाच. मला स्वतःला तो आवाज ओळखीचा वाटला नव्हता. पण यालाही कारण आहे. माणूस स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून ऐकतो, त्यामुळे तो इतरांना कसा ऐकू येतो हे त्याला कधीच कळत नाही. मी हे त्यांना समजावून सांगितलं. म्हणजे माझाच आवाज मला ओळखता येत नाही, हे मी सगळ्यांसमोर कबूल करून बसलो.

बातमी पूल ओलांडून नौपाड्यात माझ्या आधी पोचली. संध्याकाळी मासुंदा तलावाच्या काठावर सुमती भेटली ती हसतच.

"डोंगर बोलायला लागला म्हणे. कसं बोलतो?"

"स्वच्छ. शुद्ध."

"मग तो तुमचाच कोणीतरी." ती पुष्कळ हसली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "बाबा सोमवारी अण्णांना भेटायला जाणार आहेत. तुमच्या नोकरीचं काय ते विचारायला. त्याच्या आत तुमचं आणि डोंगराचं ते भांडण मिटवा ना. मला दुसरीकडे दाखवायचं घाटतंय."

तिनं पहिल्यांदाच असं सरळ सांगितलं. मला एकाच वेळी अतोनात आनंद झाला आणि भीतीही वाटली. घरी जाऊन जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी अण्णा स्वतः खाणीवर आले. टांग्यातून उतरले, छत्री उघडली, रुमाल नाकाला लावला. "हरिहर, ही पोरकट थट्टा तू करतो आहेस असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. पण वाटून काय उपयोग? सिद्ध झालं पाहिजे."

मला फार बरं वाटलं. सिद्धतेची भाषा बोलणारा पहिला माणूस भेटला होता. "कसं सिद्ध करायचं?" मी विचारलं.

"तोंडात पाणी धर," अण्णा म्हणाले.

माठातलं पाणी आलं. सगळ्यांच्या देखत मी गाल फुगेपर्यंत पाणी तोंडात घेतलं आणि टेकाडावर गुणाजीच्या शेजारी उभा राहिलो. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तानाजी माझ्या तोंडासमोर येऊन वाकून बघत होता. एक थेंब गळला तर नोकरी गेली, सुमती गेली, हे मला ठाऊक होतं. नाकाला खाज सुटली होती.

गुणाजीनं दम भरला. "कोनी ऱ्हायलं आहे का रंऽऽ?"



"आहे. मी आहे. थांबा."

एकही थेंब गळला नाही. मी पाणी गिळलं. ते घशाखाली जाताना मला वाटलं, हा आवाज आपण कुठंतरी ऐकला आहे.

"सुटलास!" अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तो तू नाहीस. आता लावा बत्ती आणि संपवा एकदाचं."

गुणाजीनं निशाण खाली घेतलं नाही.

"काय झालं?"

"मालक, ह्यात घोळ हाय," गुणाजी म्हणाला. "सायेब भाईर हायत, ह्ये मला दिसतंय. पन आत बी हायत. बार कसा लावू?"

"अरे, एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल?"

"त्ये मला काय ठावं? 'आहे' म्हनलं की वात पेटवायची न्हाई, असा नियम हाय."

"कोणी केला असला नियम?"

"सायेबांनीच."

अण्णांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. व्यवहारी माणसावर असा प्रसंग सहसा येत नाही. थोडा विचार करून ते माझ्याकडे वळले. "हरिहर, मग तूच सांग बाबा. तू आत आहेस का?"

"नाही," मी म्हणालो.

"ऐकलंत? तो स्वतः सांगतोय."

कोणी हललं नाही. तानाजीनं काड्यापेटी माझ्या हातात दिली आणि दोन पावलं मागं सरला. "तुमचं तुमी लावा, सायेब. माझ्या हातनं नगं."

मी निघालो. सोमवार फार लांब नव्हता.

खाली उन्हं आली होती. पायाखाली चुरा वाजत होता. वळण घेतलं तसा टेकाडावरचा छत्रीचा ठिपका दिसेनासा झाला.

समोर डोंगराची कापलेली बाजू होती, काळी, एका ठिकाणी जराशी ओलसर. वाती लोंबत होत्या. दुसरं काही नव्हतं. मी चांगलं निरखून बघितलं. कपार नव्हती, भोक नव्हतं, माणूस लपेल अशी जागाच नव्हती.

मी काडी ओढली. ती विझली.

दुसरी ओढण्याआधी मी हळूच विचारलं, अगदी ओठातल्या ओठात. का विचारलं, सांगता येत नाही. रिकाम्या घरात शिरतानाही माणूस विचारतोच.

"कोणी आहे का?"

"आहे," डोंगर म्हणाला. तोही हळूच.

मला भयंकर वाईट वाटलं. भीती नंतर वाटली, आधी वाईटच वाटलं.

मी वात पेटवली आणि पळालो.

बार झाला. दगड उडाले, धूळ उठली, पायाखालची जमीन हादरली. एरवी बाराचा आवाज मुंब्र्याकडच्या सुळक्यावर आपटून परत यायचा. त्या दिवशी तो गेला तो परत आलाच नाही.

धूळ बसल्यावर आम्ही सगळे बघायला गेलो. दगड होते. नुसते दगड. मी माझे हात, पाय, चष्मा सगळं तपासलं, सगळं जागच्या जागी होतं. अण्णा हसले, गुणाजी हसला, मीही हसलो. बायजा तेवढी हसली नाही. तिनं कनवटीचा गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि निघून गेली.

त्या एका बारानं डोंगराचा असा काही लचका निघाला की पुढं कित्येक आठवडे नुसती खडी फोडायचं काम होतं. रेल्वेची ऑर्डर पुरी झाली. अण्णांनी मला कायम केलं. वैशाखाच्या सुरुवातीला सुमतीचं आणि माझं लग्न झालं. पंक्तीत सासऱ्यांनी आग्रह करकरून मला जिलबी वाढली, कायमची नोकरी असलेल्या माणसाला वाढतात तशी. त्या दिवसांइतका सुखी मी कधीच नव्हतो. सुमती सकाळी शाळेत जाताना माझ्या शर्टाची गुंडी लावून द्यायची आणि म्हणायची, "डोंगराला नमस्कार सांगा." डोंगर आता बोलत नव्हता. गुणाजीनं कितीही हाळी दिली तरी साधा प्रतिध्वनीही येत नव्हता.

खडी मात्र बोलू लागली होती. पहिल्यांदा हे ठाण्यातल्या खोपट भागातून कळलं. तिकडच्या रस्त्यावर आमची खडी पसरली होती. रोलर चालवणारा उत्तम एक दिवस संतापून खाणीवर आला. रोलर मागं घेण्याआधी "मागं कोण आहे का?" असं ओरडायची त्याची सवय. "सकाळपासून विचारतोय, आणि तुम्ही आपले 'आहे, आहे'. उतरून बघावं तर कोणी नाही! मी एवढासा तुकडा दाबायला अख्खा दिवस घालवला साहेब. असली मस्करी बरी नाही."

मी त्या दिवशी खाणीवरून हललो नव्हतो. उत्तमला चहा पाजून परत पाठवलं.

मग रेल्वेच्या लोकांकडून तसंच काहीसं आलं. कल्याणकडच्या रुळांखाली खडी ठोकताना त्यांची टोळी म्हणे आता कोणाला हाकच मारत नाही, खुणा करते. आणि मग आमच्या मचव्याचा तांडेल पोपट आला. त्याला माझं कौतुकच वाटत होतं. "सायेब, तुमी मुंबैला कवा आलेले? मी खडी पान्यान टाकली नं ओरडलो, कोन हाय का रं खाली? तं पान्यातशी तुमी बोललं, आहे! मना वाटला, सायेब पोहायला आलेलं."

"अरे, मला पोहता येत नाही."

"तां मना माहीत नाय," पोपट म्हणाला. "पन तुमी मजेन व्हतं."

याच सुमारास मला घरचा अनुभव येऊ लागला. प्रथम आई. "हरी, आहेस का रे घरात?" तिनं स्वयंपाकघरातून विचारलं. "आहे," मी म्हणालो. "हरी?" तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो. शेवटी ती बाहेर आली आणि मला बघून दचकली. "मेल्या, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?" मग अण्णा. अगदी माझ्या नाकासमोर उभे राहून त्यांनी हाक मारली, "हरिहर आहे का रे?" मी "आहे" म्हणालो. "कुठं उलथला हा?" असं म्हणत ते निघून गेले.

माझे बाकीचे शब्द सगळ्यांना ऐकू येत होते. 'आहे' तेवढा जात नव्हता. आणि गंमत अशी की, मराठीत याच्यावाचून फारसं अडत नाही. "मी बरा," "चहा छान," "आज फार उकडतंय." लोक समजून घेतात. महिनेच्या महिने कोणाच्या ध्यानातही आलं नसतं. मी नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चमचा घालून घसा बघितला.

"म्हणा 'आ'."

"आ."

"उत्तम. आता म्हणा 'आहे'."

"आहे."

ते वाट बघत राहिले. "लाजू नका," ते म्हणाले, "म्हणा." मग त्यांनी चष्मा काढून पुसला, इकडेतिकडे बघितलं आणि कंपाउंडरला हाक मारून विचारलं, "आत्ता इथं बसले होते ते गेले का?"

मी मोठ्यानं खोकलो तेव्हा त्यांना मी दिसलो. त्यांनी घशाला गुळण्या आणि स्वतःला विश्रांती लिहून दिली.

यावर उपाय मला माझाच सापडला. सुमतीनं एकदा माडीवरून विचारलं, "अहो, आहात का?" आणि मी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, "हाय!" म्हणालो.

ती जिन्यावरच बसून हसली. "तुम्ही? आणि 'हाय'?"

ऐकू गेलं होतं! मला इतका आनंद झाला की मी पुन्हा म्हणालो, "हाय, हाय!" त्या दिवसापासून मी तसंच बोलू लागलो. खाणीवर गुणाजीला कोण बरं वाटलं. बायजा म्हणाली, "आता शिकलं मास्तर." दाताखाली खडा यायचा, पण तो मी चावून टाकत होतो. सुमतीनं हाक मारावी आणि मी तिथं असावं, याहून मला दुसरं काही नको होतं.

ज्येष्ठ लागला. पावसाळ्यात मचवे बंद होतात, म्हणून अण्णांनी खाण रिकामी करायला घेतली. त्या बाराच्या खडीचा शेवटचा ढीग उरला होता. तो भरून पोपटचा मचवा दुपारी ओहोटीबरोबर खाडीतून निघाला. मी काठावर उभा राहून बघत होतो. मचवा बराच पुढं गेला तरी पोपट माझ्याकडे बघून हात हलवत होता, आणि मधूनच वळून, बसलेल्या कोणाशी बोलावं तसा खडीशी बोलत होता.

पुलावर त्या संध्याकाळी वारा समोरून आला नाही. मला तो लागलाच नाही.

घरी आलो. अजून उजेड होता. दार उघडंच होतं. मी सायकल लावली, चपला काढल्या, पडवीतल्या आरामखुर्चीत बसलो. आतून चहाचा वास आला. दमलो होतो, डोळे मिटले.

"अहो, आहात का?" सुमतीनं विचारलं.

"आहे," मी म्हणालो. घरात माणूस बेसावध असतो.

ती चहाचा पेला घेऊन दारात आली. माझ्याकडे बघत होती.

"हाय," मी घाईनं म्हणालो. "हाय! सुमती, हा काय मी!"

ती पुढं आली. वाकली. मी बसलो होतो त्या खुर्चीवरची गादी तिनं उचलून झटकली आणि पुन्हा नीट घातली.

"आला का गं?" आतून आईनं विचारलं.

"नाहीत अजून," सुमती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं माझा चहा झाकून ठेवला.